पावसाचे लाड पुरे झाले

दिवाळीच्या तोंडावर कुणाचा विरस करू नये, हे मला कळते. घरोघर चकलीचा घाणा चढलेला असतो, मुले आकाशकंदिलाच्या कागदाला खळ लावीत बसलेली असतात, आणि अशा वेळी कुणा एका मास्तराने उठून 'मला पाऊस आवडत नाही' असे म्हणावे, हे पंक्तीत बसून जिलेबीला नावे ठेवण्यासारखेच झाले. पण याहून योग्य वेळ मला सापडत नाही. ज्येष्ठात हे बोललो तर लोक म्हणतात, 'अपशकुन करू नका, आधी पडू तरी द्या.' आषाढात बोललो तर पत्र्यावरच्या आवाजात ऐकू जात नाही. श्रावणात बोलणे म्हणजे तर धर्मबाह्य वर्तनच. तेव्हा तो गेल्यावर, त्याच्या पाठीमागे, एकदाचे सांगून टाकतो: मला पाऊस आवडत नाही. आणि महाराष्ट्राने त्याचे जे लाड चालवले आहेत ते तर मुळीच आवडत नाहीत.

हे वाक्य एखाद्या चारचौघांच्या बैठकीत उच्चारून पाहा. चहा आवडत नाही म्हणणाऱ्याला लोक पोटाचे विचारतात. पाऊस आवडत नाही म्हणणाऱ्याला मनाचे विचारतात. मला तर एका सद्गृहस्थांनी विचारले होते, "मग तुम्ही कादंबऱ्या लिहिता कशा?" जणू काही लेखनाचा परवाना ढगांच्या कचेरीतून मिळतो, आणि दर मृगाला तो नवा करून घ्यावा लागतो!

मी पावसाला दुरून ओळखतो असेही नाही. राहतो रोह्याला आणि शिकवतो पेणला. कुंडलिकेच्या गावात घर, भोगावतीच्या गावात शाळा, आणि मधे नागोठण्याला अंबा. या तीन नद्यांच्या मर्जीशिवाय माझी हजेरी लागत नाही. आमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी पडल्या जागी उभे केले, तर माणसाच्या खांद्यावर दुसरा माणूस उभा राहिला तरी त्याच्या डोक्याला लागेल. इतक्या निकट सहवासानंतर मत बनवायला माझा अधिकार नाही, असे कुणी म्हणू नये.

आता पाऊस कुणाला आवडतो ते पाहा. डोंबिवलीचा माझा भाचा जून उजाडला की फोन करतो. "मामा, पाऊस कसा आहे? झाले का सुरू धबधबे?" त्याच्या आवाजात असा आनंद असतो की, मामा रोह्याला पावसाचे दुकान चालवतो आणि नवा माल आला की नाही एवढेच विचारायचे आहे. मग शनिवारी तो मित्रांसह येतो. माझ्या ओसरीवर ओले बूट काढतो, मामीच्या हातची कांदाभजी खातो, भिऱ्याच्या बाजूला जातो, धबधब्याखाली उभ्या राहिलेल्या आपल्या मित्रांचे फोटो काढतो आणि रविवारी संध्याकाळी कोरड्या घरी परत जातो. मुलगा गुणी आहे. माझे त्याच्याशी भांडण नाही. पण त्याची आवड पाहिली की मला कळते, पाऊस आवडण्यासाठी एकच गोष्ट लागते: परत जायला कोरडे घर. कालिदासाच्या यक्षाला आषाढातला मेघ पाहून अलकेतली प्रिया आठवली. त्याला कौलातली गळती आठवली नाही, कारण रामगिरीवर त्याच्या नावावर घर नव्हते.

आमच्या घरांत पाऊस एक महिना आधीच सुरू होतो. त्याला आम्ही आगोट म्हणतो. चार महिने बाजारात जाता आले नाही तरी चूल पेटावी म्हणून तांदूळ, डाळी, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा असे सारे भरून ठेवायचे, शाकारणी करायची, पन्हळी साफ करायच्या. मग तो येतो, आणि कपड्यांना वास, पुस्तकांना कसर, मेतकुटाला बुरशी असे सगळे क्रमाने येते. ओल धरलेल्या फळ्यावर खडू उमटत नाही. माझ्या एका कादंबरीची शेवटची दोन प्रकरणे एका श्रावणात एकमेकांना अशी चिकटली की ती वेगळी करण्यापेक्षा नव्याने लिहिणे सोपे गेले. काही वाचकांच्या मते ती तशीच चिकटून राहिली असती तर बरे झाले असते; तो भाग वेगळा.

पण एवढ्याशा कुरबुरीसाठी मी दिवाळी अंकाची पाने अडवणार नाही. पेणमध्ये चार ठिकाणी जाऊन विचारा. गणपतीच्या कारखान्यात विचारा. आमच्या पेणची, हमरापूरची, जोह्याची मूर्ती देशोदेशी जाते. पण तिच्या कामाची खरी घाई आषाढ-श्रावणातच असते, आणि तेव्हाच मूर्ती वाळता वाळत नाही. पंखे लावून, दिवे लावून कारागीर तिला सुकवत बसतात. पापड आणि मिरगुंडे करणाऱ्या बायकांना विचारा. त्यांचा धंदा उन्हावर चालतो. मिठागरात विचारा, पहिल्या सरीबरोबर तिथला हंगाम संपतो. या लोकांनी पावसावर कविता केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

इथे वाचक मला अडवतील, आणि अडवावेच. 'मास्तर, पाऊस पडला नाही तर खाल काय?' प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, गरज आणि आवड या दोन गोष्टी आहेत. पाऊस लागतो यात वाद नाही. शस्त्रक्रियाही लागते, म्हणून कुणी डॉक्टरच्या सुरीवर गाणी रचीत नाही. खारेपाटातल्या एका वयस्क शेतकऱ्याला, माझ्या विद्यार्थिनीच्या आजोबांना, मी एकदा विचारले होते, "तुम्हाला तरी पाऊस आवडतो ना?" ते म्हणाले, "मास्तर, पावसाला आवडीनं कोण बोलावतंय? तो आला पायजे, आणि वेळेवर गेला पायजे. मधल्या वेळात आपण जागं राहायचं." २०१९ सालच्या ऑक्टोबरात तो वेळेवर गेला नाही. कापून ठेवलेले भात शेतात भिजले, दाण्यांना जागच्या जागी कोंब फुटले, आणि त्या वर्षी आमच्या कित्येक घरी दिवाळी आली ती मळणीविना आली.

ज्या विद्यार्थिनीचा वर उल्लेख केला, तिच्यापायी मी हा लेख लिहितो आहे. तिची हकीकत सांगताना माझीच अब्रू जाणार आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

शाळेत मराठी शिकवणाऱ्याला दर वर्षी एक विषय चुकत नाही: 'पावसाळ्यातील एक दिवस'. मी स्वतः शाळेत असताना तो लिहिला, आणि शिक्षक झाल्यावर तो किती वह्यांतून तपासला याची गणती नाही. त्याचा नकाशा ठरलेला आहे. काळे ढग जमतात, मातीचा सुगंध दरवळतो, मोर पिसारा फुलवतो, मुले कागदी होड्या सोडतात, बळीराजा सुखावतो, आणि शेवटी आई गरमागरम भजी करते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी हाच विषय दिला. त्या मुलीने लिहिले होते की, त्यांच्या गावात पावसाळ्यातील एक दिवस म्हणजे बांधाला खांड गेली तो दिवस. रात्री भरतीच्या वेळी कुणीतरी ओरडले. बाबा आणि काका फावडी आणि गोण्या घेऊन पळाले. ती बॅटरी धरून उभी राहिली. म्हैस पोटापर्यंत पाण्यात होती. सकाळी आईने शेतातले पाणी बोटाने चाखून पाहिले आणि काही न बोलता ती घरात गेली, कारण पाणी खारे होते. शेवटी एक वाक्य होते, आमच्या गावात मोर नाही.

मी तिला दहापैकी चार गुण दिले. खाली लाल शाईने शेरा मारला: 'विषय नीट समजून घ्यावा. निसर्गवर्णन नाही.' शेजारच्याच वहीतल्या मोराला मी आठ दिले होते. त्या मोराच्या मालकाने मोर पाहिला असेल तर पुस्तकातच.

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. तक्रार नव्हती, तिला खरेच कळून घ्यायचे होते. "सर, निसर्गवर्णन म्हणजे मोरच लागतो का?" मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच ते काय योग्यतेचे असेल ते समजावे. पुढे २०२० साली ३ जूनला याच किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. श्रीवर्धन, मुरूड, रोहा, माणगाव, जिकडे पाहावे तिकडे पत्रे उडाले, झाडे आडवी झाली. त्या वादळाचे नावच 'निसर्ग' होते. मला माझा लाल शाईतला शेरा आठवला.

तिने लिहिले होते ते काय आहे, हे बाहेरच्या वाचकांना थोडे समजावून सांगितले पाहिजे. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे जो सखल मुलूख आहे तो खारेपाट. ही जमीन आमच्या पूर्वजांनी समुद्राच्या तोंडातून काढून घेतली आहे. खाडीच्या कडेने चिखलमातीचे बांध घातले, त्यांत उघाड्या बसवल्या. ओहोटीला उघाडी उघडते आणि आतले पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. सारा कारभार या एका फळीवर चालतो. पण अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच रात्री आले म्हणजे उघाडी उघडता येत नाही. आत पाऊस तुंबतो, बाहेर समुद्र चढतो, आणि मधल्या मातीच्या बांधाला खांड जाते. एकदा खारे पाणी आत शिरले की ते शेत दोन-तीन वर्षे धडपणे पिकत नाही.

हे बांध कुणी राखले? ज्यांना पाऊस आवडत होता त्यांनी नव्हे. ज्यांना त्याची धास्ती होती त्यांनी. पूर्वी इथे 'जोळ' नावाची पद्धत होती. ज्यांची ज्यांची शेते एका बांधाच्या आश्रयाला, त्या सगळ्यांनी मिळून तो बांध राखायचा. खांड गेली की घरटी माणूस निघायचा. पुढे १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, बांधांकडे सरकार पाहू लागले, आणि आपले हात हळूहळू बांधावरून निघाले. सरकारने पाहू नये असे मी म्हणत नाही. पण आपणही पाहिनासे झालो, आणि पाहिनासे झाल्यावर पावसावर जास्तच प्रेम करू लागलो, हा योगायोग नाही असे मला वाटते. ज्याला भ्यायचे आणि ज्याची तयारी ठेवायची, त्याचे आपण कौतुक करू लागलो. कौतुकाला फावडे लागत नाही.

आमच्याकडे जुने लोक संकटाचे दोन प्रकार सांगत, आसमानी आणि सुलतानी. पावसाच्या लाडांनी ही वाटणी पुसून टाकली आहे. सारेच आसमानी करून ठेवले आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणे बुडवले तेव्हा मी लहान होतो. दुसऱ्या दिवशी मोठी माणसे ओटीवर हळू आवाजात बोलत होती आणि आम्हा मुलांना कुणी रागावत नव्हते, एवढे मला आठवते. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले.

ढग आसमानी होते, कबूल. पण यादी माणसे करतात. वाडीपर्यंत रस्ता न्यायचा की नाही हे माणसे ठरवतात. डोंगर कुठे खणावा, नदीचे पात्र कुठे भरून काढावे, पुराची खबर कुणाला किती वाजता द्यावी, हे सारे सुलतानी खात्यातले आहे. आणि त्याच आठवड्यात रेडिओवर काय चालू होते? पावसाची गाणी. मी गाण्यांच्या विरुद्ध नाही. बालकवींची श्रावणावरची कविता मीही वर्गात शिकवतो, आणि ती चांगली आहे म्हणून शिकवतो. पण ज्याच्यावर माणूस इतके प्रेम करतो त्याला जाब विचारत नाही, आणि त्याच्या नावाखाली दडलेल्यांनाही विचारत नाही. 'पाऊसच तसा होता' हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की, पाऊस नसता तर या मंडळींनी कुठे तोंड लपवले असते, असा प्रश्न मला पडतो.

कुणी म्हणेल, ही तर जास्त पावसाची रड झाली. बरे, मग फाल्गुनात या. ज्या खारेपाटाला आषाढात पाणी बुडवते, त्याच खारेपाटातल्या वाशी-शिर्कीकडच्या गावांनी कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात काढले आहेत. तीन हजार मिलीमीटर पावसाच्या मुलखात बायका रांगेत हंडे ठेवून उन्हात उभ्या राहतात. याच पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. नवी मुंबईकरांनीही पाणी प्यावे, माझी ना नाही. पण धरणाच्या तालुक्यात टँकर फिरावा, हे कोणत्या पावसाळी गीतात बसते ते मला कुणी सांगावे.

माझ्या रोह्याची गोष्ट याहून मौजेची आहे. मुंबईचे तरुण कोलाडला कुंडलिकेच्या फेसाळ पाण्यात रबरी होड्या हाकायला येतात. त्यांना वाटते, केवढी ही कोकणची नदी! त्या पाण्यातला मोठा वाटा सह्याद्रीच्या पलीकडे पडलेल्या पावसाचा असतो. मुळशीचे धरण बांधून ते पाणी अडवले, डोंगरातून इकडे वळवले आणि भिऱ्याच्या वीजघरातून खाली सोडले. १९२७ पासून ते वीजघर चालू आहे. म्हणून इतर नद्या माघातच खडकांवर येतात तेव्हाही कुंडलिका वाहत असते. त्या धरणापायी मुळशीच्या मावळ्यांची शेते गेली; १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. ती बाजू विसरून चालणार नाही. पण यातून एवढे तर सिद्ध झाले की पाऊस अडवता येतो, साठवता येतो, डोंगराच्या आरपार नेता येतो. शहराला दिवे हवे असले की तो साठतो. खारेपाटातल्या हंड्याची गोष्ट निघाली की मात्र तो निसर्गाचा लहरी राजा होतो.

साठवण्याची अक्कल आपल्याला नवी आहे असेही नाही. आमच्या जिल्ह्याला ज्या गडाचे नाव आहे तिथे जाऊन गंगासागर तलाव पाहा, खडकात खोदलेली टाकी पाहा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर स्पष्ट सांगितले आहे की, किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये. गडावर दर वर्षी पाऊस कोसळत होताच. त्या लोकांनी त्यावर काय कवने केली ते माहीत नाही, पण त्यांनी तो दगडात धरून ठेवला.

आता थोडे गणित. मराठीच्या मास्तराचे आहे, तेव्हा वाचकांनी तपासून घ्यावे. समजा एका घराचे छप्पर ४० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण सव्वाचारशे चौरस फुटांचे. त्यावर वर्षाला ३ मीटर पाऊस पडला, तर पाणी झाले १२० घनमीटर, म्हणजे १,२०,००० लिटर. घरात पाच माणसे. पिण्याला आणि रांधायला दर माणशी रोज १० लिटर धरू. म्हणजे घराला ५० लिटर. होळीपासून मृगापर्यंत १०० दिवस. लागले ५००० लिटर. छपरावरून वाहून गेलेल्या पाण्याचा अवघा चोविसावा भाग! आणि तेवढे पाणी त्या छपरावर पडायला किती पाऊस लागतो? १२५ मिलीमीटर. आमच्याकडे आषाढात तो एका दिवसात पडतो.

हे उत्तर निघाले तेव्हा मी बराच वेळ वही पुढे घेऊन बसलो. पावसाळ्यातील एक दिवस! वर्षानुवर्षे मी मुलांना त्याचे वर्णन करायला सांगत होतो. तो धरून ठेवला तर एका कुटुंबाच्या उन्हाळ्यातल्या घोटभर पाण्याची सोय होते, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही. टाकी बांधायला पैसे लागतात, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे लागते, पन्हळी आणि गाळणी राखावी लागते, हे मला ठाऊक आहे. ज्या घरात टाकीचे पैसे नाहीत तिथे ते पंचायतीने घालावेत, आणि घालत नसेल तर विचारावे. पण विचारण्यासाठी आधी पावसाच्या पाया पडणे थांबवले पाहिजे.

या वर्षी मी निबंधाचा विषय बदलला नाही. विषय तोच ठेवला. गुण देण्याची रीत बदलली. ज्याने जे पाहिले ते लिहावे, मोर पाहिला असेल तर मोर, खांड पाहिली असेल तर खांड. मोर फारच थोडे निघाले. एका मुलाने आजीच्या खाटेखाली लावलेल्या पातेल्यांची संख्या दिली होती, कोणते किती वेळात भरते त्यासह. त्याला मी नऊ दिले. जिला चार दिले होते, ती मुलगी शाळा सोडून गेली. आता कुठे असते मला माहीत नाही. तिचे राहिलेले गुण मला तिला पोचवता येत नाहीत, म्हणून इथे कबूल करतो.

आपण सारे फराळाला बसाल तेव्हा मी कुणाला गाणी बंद करायला सांगणार नाही. एवढेच म्हणतो की, पाऊस आवडत असेल तर त्याच्यासाठी काही करा. गावचा बांध, गावची उघाडी, आपल्या छपराची पन्हळ, आपल्या तालुक्याच्या धरणाचे पाणी कुठे जाते याची चौकशी, यांतले काहीतरी एक. आणि यांतले काहीच करायचे नसेल, तर निदान तो मला आवडत नाही म्हणून माझ्या मनाची काळजी करू नका.

परवा भाच्याचा फोन आला होता. दिवाळीचा नमस्कार झाला, मामीच्या करंज्यांची चौकशी झाली, आणि स्वारी मूळपदावर आली. "मामा, यंदा पाऊस जोरदार झाला म्हणे. माझे येणे राहिलेच. आता पुढच्या जुलैत नक्की."

मी म्हटले, "जुलैत कशाला? मे महिन्यात ये. मित्रांनाही आण."

"मे महिन्यात काय बघायचे असते?"

"पाऊस कुठे गेला ते," मी म्हणालो. "येताना एक हंडा घेऊन ये."